दारावरचं टेंगूळ

ती बाई आपल्या मेलेल्या पोराला घरी न्यायला आली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गल्लीत ही गोष्ट निघाली की जो तो आकड्यांवर घसरतो. कुठला आकडा दिसला, कुणी लावला, कुणाचा हुकला. अरे, आकडा गेला खड्ड्यात! एक आई हाका मारून मारून दमली होती आणि पोरगं माझ्या अंगणात, माझ्या गाडीत बसून होतं. गोष्ट ही आहे.

गाडी मी आमच्या पित्सनुलोक शहराबाहेरच्या, जुन्या गाड्यांच्या एका यार्डातून घेतली. जुनी, लाल, चार दारांची. वीज खात्यात खांबावर चढउतार करण्यात माझी उमर गेली, आणि निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी सांगितलं, आता स्कूटर पुरे. यार्डवाला म्हणाला, "लुंग, ड्रायव्हरकडचं दार तेवढं जरासं लागलंय. बाकी गाडी म्हणजे सोनं." मला सगळे लुंग म्हणतात, म्हणजे काका. पोरं मोठी झाल्यापासून बायकोही लुंगच म्हणते. मी म्हटलं, दाराचं काय घेऊन बसलात, दार मी घरी करीन. गाडी दुसऱ्याच्या हाती दिली की मला अन्न गोड लागत नाही.

माझी बायको सायबुआ. सोमवारी जन्मलेली. सोमवारच्या माणसाला लाल रंग वाईट, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. गाडी फाटकातून आत आली तशी तिनं तोंड वाकडं केलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून एक स्टिकर आणून मागच्या काचेवर डकवलं. त्यावर लिहिलेलं, 'ही गाडी पांढरी आहे'.

"कुणाला फसवतेस?" मी विचारलं.

"नशिबाला."

"म्हणजे नशिबाला रंग दिसत नाही, वाचता मात्र येतं?"

"तुम्ही तुमचं दार घासा हो. मला शिकवू नका." तिनं आरशाला फुलांचा हार बांधला, गाडीच्या देवीला हात जोडले आणि ती आत गेली.

दार घासायला मी एक नवं यंत्र आणलं होतं. हवेवर चालणारा छोटा सँडर. तळहातात मावतो, खाली गोल चकती, तिला पॉलिश पेपर चिकटवायचा. कॉम्प्रेसर घरी होताच. सकाळी टाकीतलं साचलेलं पाणी सोडायचं, सँडरच्या मानेत तेलाचे थेंब टाकायचे, नळी खटकन बसवायची, की झालं. याला दाबायचं नसतं. नुसता पत्र्यावर टेकवायचा आणि फिरू द्यायचा. दाबलं की गुदमरतो आणि बंद पडतो. काम करताना याच्या मागून हवा सुटते ती मनगटावर गार लागते. बाहेर एप्रिलचं ऊन, अंगाची लाही लाही, आणि मनगटावर तेवढी गार फुंकर. मला तर फार आवडलं.

दाराची गंमत पहिल्याच दिवशी लक्षात आली. गाडी कशावर तरी आपटली की पोचा पडतो, पत्रा आत जातो. इथं पत्रा बाहेर आला होता. हँडलच्या जरा खाली, मुठीएवढं टेंगूळ. कुणीतरी त्यावर पुट्टी थापून आजूबाजूचं सारखं केलं होतं आणि वर लाल रंग मारून दिला होता. मी रंग काढला, पुट्टी काढली, लाकडाचा ठोकळा लावून टेंगूळ आत ठोकलं, नवी पुट्टी भरली आणि संध्याकाळपर्यंत घासून लख्ख केलं. या कामात डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो, तळहात फिरवायचा. तळहात फिरवला. दार सपाट होतं.

सकाळी पुन्हा टेंगूळ.

म्हटलं, पुट्टी फुगली असेल, हवेत दमटपणा आहे. पुन्हा काढली, पुन्हा ठोकलं, पुन्हा भरलं. संध्याकाळी सपाट, सकाळी टेंगूळ. मी पुट्टीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग आतलं आवरण खोलून टॉर्च मारली. काच वरखाली करायची तार, धूळ, एक कोळ्याचं जाळं. पत्र्याला आतून रेटेल असं काहीही नव्हतं.

आणि ते आसन. मी बुटका माणूस. पेडलपर्यंत पाय पोचायला मला आसन पार पुढं सरकवावं लागतं. रोज मी ते पुढं करायचो आणि रोज सकाळी ते मागं गेलेलं असायचं, चांगल्या उंच माणसाला लागतं तितकं मागं.

"तू गाडीत बसतेस का गं?" मी सायबुआला विचारलं.

"मी? त्या लाल गाडीत?"

"पांढरी आहे ना ती?"

"लुंग, सकाळी सकाळी डोकं फिरवू नका माझं."

तिसऱ्यांदा मी पुट्टी भरलीच नाही. म्हटलं, पत्र्यापर्यंत जाऊ, बघू तरी. चकतीला नवा पेपर लावला, सँडर टेकवला. भोवतीचा वरचा लाल गेला, खालचा राखाडी निघाला, त्याखाली जुना पहिला लाल, मग पत्र्याची चकाकी. एकात एक कडी. छान चाललं होतं. आणि टेंगळाच्या माथ्यावर आला तसा सँडर गुदमरला. मी हात हलका केला. पुन्हा फिरला, पुन्हा माथ्यावर येऊन बंद. टाकीत हवा भरपूर, नळीला पीळ नाही. मी दाबत नव्हतो, शपथ घेऊन सांगतो. मी दाबत नव्हतो, तर मग पलीकडून कोणीतरी दाबत होतं.

मी सँडर उचलला. कॉम्प्रेसरही तेवढ्यात टाकी भरून आपोआप थांबला आणि दुपारची सगळी गल्ली एकदम गप्प झाली. मी टेंगळावर हात ठेवला. घासल्यावर पत्रा तापतो हे मला माहीत आहे, म्हणून हात काढून घेतला, आत जाऊन पाणी प्यालो, बाहेर ओट्यावर एक विडी ओढली आणि परत येऊन हात लावला. बाकीचं दार सावलीत गार पडलं होतं. तेवढीच जागा ऊबदार होती, आणि ती उन्हाची ऊब नव्हती. ताप नसलेल्या माणसाचं अंग असतं ना, तितकी. मला भीती वाटली. उगाच कशाला खोटं बोलू, चांगलीच वाटली.

नेमकी त्याच वेळी समोरची जे मुई, म्हणजे मुईताई, शेवयांचा वाडगा घेऊन आली. तिचं शेवयांचं दुकान आहे, पण तिचा खरा धंदा म्हणजे आकडे शोधणं. झाडाच्या खोडात, अगरबत्तीच्या राखेत, पालीच्या शेपटीत, जिथं बघेल तिथं तिला लॉटरीच्या सोडतीचा आकडा दिसतो. ती दारापाशी आली आणि जागच्या जागी थिजली.

"लुंग, हलू नका."

"काय झालं? साप?"

"गप्प बसा. पाच आहे तो. पाच! आणि शेजारी... सायबुआ! अगं पावडर आण, पावडर!"

सायबुआ लहान मुलांच्या पावडरचा डबा घेऊन धावली. दोघींनी टेंगळावर पावडर भुरभुरली आणि बोटांच्या टोकांनी हळूहळू चोळली. रंगाच्या कडांमध्ये पावडर बसली आणि खरोखरच काहीतरी वळणदार उठून आलं. म्हटलं तर पाच, म्हटलं तर आठ, म्हटलं तर माझं कपाळ.

"अठ्ठावन्न," जे मुई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली माझ्या अंगणात. कुणी लाल सोड्याच्या बाटल्या प्यायची नळी घालून नैवेद्य म्हणून गाडीपुढं ठेवल्या, कुणी हार आणले, कुणी दाराचे फोटो काढून फोनवरून जगभर पाठवले. मी ओरडून सांगत होतो, अरे, हा नुसता घासलेला रंग आहे! कोण ऐकतंय? सोडत झाली. अठ्ठावन्न काही निघाला नाही. निघाला पंच्याऐंशी.

मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो. पण जे मुई दारापुढं मांडी घालून बसली, मान कलती करून बराच वेळ बघत राहिली, आणि मग मांडीवर थाप मारून म्हणाली, "आपलंच चुकलं! आपण वाचलं बाहेरून. लिहिणारा आत बसलाय. त्याच्या बाजूनं वाचा की, पंच्याऐंशीच आहे तो!"

सगळे हसले. टाळ्या वाजल्या. मी मात्र दारापासून दोन पावलं मागं सरलो. 'लिहिणारा आत बसलाय' हे वाक्य ती बाई किती सहज बोलून गेली, आणि आनंदात!

मग तर विचारूच नका. पुढची सोडत सोळा तारखेला. दार रंगवायचं नाही, पुट्टी भरायची नाही, असा सायबुआचा हुकूम सुटला. वर आणखी, "लुंग, अजून जरासं घासा ना. तिसरा आकडा आत असेल."

"मी घासणार नाही."

"का? हात दुखतो?"

"नाही दुखत. भीती वाटते." माझ्या तोंडून निघून गेलं.

बाया फिदीफिदी हसल्या. "खांबावर चढणारा गडी, आणि दाराला भितो!"

त्या शुक्रवारी दुपारी ती आली. माझ्या अंगणात तेव्हा नेहमीची मंडळी होती, जे मुई आणि आणखी चारदोन बाया, दारापुढं पंखा लावून बसलेल्या. फाटकात एक वाळकी, पन्नाशीची बाई उभी राहिली. बसनं आली असावी, खांद्यावर कापडी पिशवी, हातात फोन. तिनं फोनमधला फोटो बघितला, मग गाडीची नंबरप्लेट बघितली, पुन्हा फोन बघितला. मग चपला काढून देवळात यावं तशी आत आली.

"लुंग, ही गाडी तुमची?" पोराच्या नात्यानं मला लुंग म्हणाली, हे मला मागाहून कळलं.

"हो. आकडा बघायचा तर बघा. रांगेत बसा."

"मला आकडा नको. मी लमाय. डोंगरापलीकडच्या लोमसाकची. ही माझ्या मुलाची गाडी."

 बायांनी सरकून तिला वाट दिली.

ती दाराजवळ गेली आणि तिनं टेंगळावर हात ठेवला. चोळला नाही, नुसता ठेवला.  मग मान न वळवता बोलायला लागली. जुक तिचा एकुलता एक. इथं शहरात नोकरीला, सुट्टी मिळाली की गाडी काढून घरी. "कधी मोकळ्या हातानं आला नाही. दोन्ही हातांत पिशव्या. घराचं दार त्यानं कधी हातानं उघडलंच नाही, कोपरानं ढकलायचा. मी ओरडायची, मेल्या, दाराचा रंग गेला बघ." तिनं टेंगळावरून अंगठा फिरवला. "हा त्याचा कोपर आहे."

थंडीत, धुक्यात, डोंगरातल्या वळणावर गाडी कड्याला घासून अडकली. ड्रायव्हरकडचं दार गच्च बसलं. मदतीची पोरं पोचेपर्यंत तो आत जिवंत होता म्हणतात, दार रेटत होता. शेवटी त्यांनी त्याला मागच्या काचेतून ओढून काढलं, पण तेव्हा उशीर झाला होता.

"आम्ही भन्ते घेऊन त्या वळणावर गेलो. पांढरा दोरा बांधला, एक अगरबत्ती लावली, त्याला हाका मारल्या. चल बाळा, घरी चल. वाटेत प्रत्येक पुलावर सांगितलं, पूल आला, आईबरोबर ये. सगळं केलं, लुंग. काही राहिलं नाही. आणि घरी कुणी आलंच नाही." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "आईला कळतं ना. ताट वाढायची, ते तसंच निवून जायचं. मला वाटलं, रागावलाय माझ्यावर. मग हा फोटो आला. तेव्हा कळलं. गाडी त्याच दिवशी उचलून नेली होती. आम्ही रिकाम्या रस्त्याला हाका मारत बसलो. तो गाडीतच होता. त्याच्यासाठी दार कुणी उघडलंच नाही."

 तळहातात मावणारं ते यंत्र घेऊन इतके दिवस मी काय घासत होतो, कुणाला घासत होतो! ते मनगटावरचं गार वारं आठवलं आणि मी मनगट सदऱ्याला पुसलं.

"मला तो घरी हवा," लमाय म्हणाली. "गाडी नको. तुम्ही फक्त गाडी घेऊन माझ्याबरोबर चला."

मी किल्ली घ्यायला उठलो, तोच जे मुई खाकरली. "ताई, तुमचं दुःख मोठं आहे, मी काय सांगू. पण सोळा तारीख झाल्यावर नेलं तर? चारच दिवस. इतके महिने थांबला, आता..."

"जे मुई!" मी असा ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "लाज नाही वाटत? पोर आहे ते! आत कोंडलंय! तू त्याच्या कोपराला पावडर चोळत होतीस, सटवे! उचला तो पंखा, उचला त्या बाटल्या. पुन्हा कुणी माझ्या फाटकात पाय ठेवला तर तंगडी मोडून हातात देईन!"

बाया उठल्या. जे मुई वाडगा विसरून गेली. मी सायबुआकडे बघितलं, म्हटलं आता ही काय बोलते.  आतून ओला रुमाल आणून तिनं त्या टेंगळावरची पावडर पुसली, हळूच, लहान मुलाचं तोंड पुसतात तशी, आणि मागच्या आसनावर जाऊन बसली. त्या लाल गाडीत ती पहिल्यांदाच बसली.

मी आसन पुढं घ्यायला गेलो. सरकेना. शेवटी तसाच टोकावर बसलो आणि पाय ताणून पेडल गाठले. पाठीमागं टेकायला जागा होती. मी टेकलो नाही. आपण कुणाच्या तरी मांडीवर बसून गाडी चालवतोय, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो लोमसाकपर्यंत निघाला नाही.

लमाय माझ्या शेजारी बसली. तिनं एक अगरबत्ती पेटवली आणि खिडकीपाशी धरली. आम्ही निघालो. शहर संपलं, पहिला पूल आला.

"जुक, पूल आला रे. आई इथंच आहे." तिचा आवाज अगदी रोजचा. बसमध्ये झोपलेल्या पोराला सांगावं तसा.

दुसरा पूल, तिसरा. मध्येच एक मोठा चौक. "इथं डावीकडं नाही वळायचं, सरळ. तुला ठाऊकच आहे म्हणा." अगरबत्ती संपत आली की ती त्याच विस्तवावर दुसरी लावायची.   गाडीत आम्ही तिघं होतो आणि काचांवर आतून वाफ धरत होती. गाडी माणसांनी भरली की धरते, तेवढी.

मग डोंगर लागला, वळणं सुरू झाली. एका वळणाच्या तोंडाशी लमाय बोलायची थांबली. अगरबत्तीची राख मांडीवर पडत होती, ती झटकतही नव्हती. मी समजलो, जागा आली.

आणि माझा उजवा पाय खाली गेला. मी सांगतो तसंच झालं. मी ब्रेक दाबला नव्हता. माझ्या पावलावर दुसरं पाऊल आलं, मोठं, गार, आणि जिवाच्या आकांतानं ते दाबत राहिलं. गाडी रस्त्याच्या मधोमध गचका खाऊन बंद पडली. मागून एक लाकडाचा ट्रक हॉर्न मारत येत होता. मी किल्ली फिरवली, इंजिन नुसतं खोकलं. पाय काढता येईना. "लमायताई, बोला काहीतरी!" मी ओरडलो. तिचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता.

बोलली ती सायबुआ. मागून पुढं वाकून, माझ्या कानाशी, पण माझ्याशी नव्हे. "बाळा, घाबरू नकोस. वळण आहे, बाकी काही नाही. धुकं नाही बघ आज, चांगलं ऊन पडलंय. लुंग एकदम हळू चालवतात, त्यांच्या हातून कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पाय उचल हं राजा. उचल. आई थांबलीय ना?"

पावलावरचं ओझं कमी झालं. अगदी सावकाश, मनाविरुद्ध उचलावं तसं. इंजिन लागलं. ट्रक आमच्या शेजारून घोंघावत गेला आणि मी ते वळण चालत्या माणसाच्या वेगानं काढलं. आरशात बघितलं तर सायबुआच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

लोमसाकला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गावाबाहेर चिंचेच्या बागा, त्यात तिचं घर. गाडी अंगणात उभी केली. लमाय उतरली ती आधी फाटकाजवळच्या, घर राखणाऱ्या देवाच्या देवळीपाशी गेली आणि हात जोडून म्हणाली, "हा आपलाच आहे. आत येऊ द्या." मग माझ्या दाराशी आली. "जुक, घर आलं. उतर."

तिनं हँडल ओढलं. दार उघडेना.

सकाळपासून चांगलं उघडत होतं ते दार. मी आतून खटका ओढला, ढकललं. गच्च. ती बाहेरून ओढतेय, मी आतून रेटतोय, आणि गाडीत एकदम गारठा पसरला. मला श्वास पुरेना. काचेवर माझ्या डोळ्यांदेखत वाफ दाटत गेली आणि पलीकडं लमायचं तोंड दिसेनासं झालं. तिचा आवाज तेवढा येत होता, "उघडतेय रे, उघडतेय! मी आहे!" शेजारचं दार मोकळं होतं. मी तिकडून सहज उतरू शकलो असतो. सायबुआ बाहेर उतरून ओरडत होती, इकडून या, लुंग, इकडून या! पण तसं उतरायचं म्हणजे मदतीच्या पोरांनी तेव्हा केलं तेच पुन्हा करायचं. मी म्हटलं, नाही. दारानंच उतरायचं.

मी हात सोडला, अंग वळवलं आणि कोपर लावला. आतून, बरोबर त्या जागी. तिथं आधीच कुणाचा तरी कोपर होता. मला लागला तो, हाड लागलं. "चल रे," मी म्हटलं. "दोघं मिळून. आता."

दार उघडलं. इतक्या सहज, की मी अंगणात गुडघ्यांवर पडलो.

मी उतरलो तशी गाडी जरा वर उचलली गेली. माणूस उतरला की गाडी तेवढी उचलतेच. मी धूळ झटकून उभा राहिलो, लमायशेजारी. तिघंही आम्ही बाहेर होतो. आणि गाडी पुन्हा एकदा उचलली. स्प्रिंगांनी हळूच आवाज केला, ड्रायव्हरच्या बाजूनं, आणि मग ती स्थिर झाली.

"उतरला?" लमायनं मला विचारलं. तिला दिसलं नव्हतं, ती घराकडं बघत होती. मेलेल्याला घरी नेताना मागं वळून बघायचं नसतं.

"उतरला," मी म्हटलं.

ती चालायला लागली. पायऱ्या चढली, दार उघडलं, आणि स्वतः आत न जाता बाजूला सरून दार धरून थांबली. मग आत गेली. आम्ही दोघं अंगणात तसेच उभे होतो. आतून भांड्याचा आवाज आला, झाकण उचलल्याचा, आणि मग तिचा आवाज, खणखणीत, चिडलेला, "इतका उशीर करतात का रे? भात किती वेळा गरम करायचा मी?"

उत्तर काही आम्हाला ऐकू आलं नाही. तिला आलं असावं, कारण ती मोठ्यानं हसली, आणि सायबुआनं माझा हात धरून मला फाटकाबाहेर नेलं.